फौजेचा दाखला आणि विद्यापीठाची पदवी

जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावातून (आष्टी परतूर तालुक्यातली, बीडची नव्हे) दहावी होऊन भरती झालेला तरुण सतरा वर्षांची सेवा संपवून परततो, तेव्हा त्याचे वय बहुधा चाळिशीच्या आतच असते आणि निवृत्तिवेतन चालू असूनही दुसऱ्या नोकरीचा विचार त्याला करावाच लागतो. अशा वेळी पारावर जे सल्ले मिळतात, त्यांतला सर्वांत दृढ सल्ला असा की, पंधरा वर्षे फौजेत काढलेला माणूस आपोआप पदवीधर होतो.

ही समजूत निराधार नाही. अर्धवट मात्र आहे. केंद्र सरकारच्या १९८६ च्या अधिसूचनेनुसार मॅट्रिक झालेला, अथवा सैन्याचे तत्सम शिक्षणप्रमाणपत्र मिळवलेला आणि किमान १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक, ज्या ‘गट क’ पदांना पदवीची अट आहे परंतु तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अनिवार्य नाही, अशा पदांसाठी पात्र समजला जातो. ही नोकरीच्या पात्रतेत दिलेली सवलत झाली. विद्यापीठाच्या दफ्तरी तिची नोंद पदवी म्हणून होत नाही. फौजेतील सेवेचा दाखला घेऊन एम. ए. ला किंवा कायद्याच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश मागणाऱ्यास निराश होऊनच परतावे लागते. माझ्या मते या उदार सवलतीचा एक अनपेक्षित परिणाम झाला : सैनिकाची निकड नोकरीच्या खात्यानेच भागविल्यामुळे, त्याला शिकविण्याची जबाबदारी आपली आहे असे आपल्या महाविद्यालयांना कधी वाटलेच नाही. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे शुल्क आणि निर्वाहखर्च सरकारने उचलला, सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले, आणि १९४७ साली तेथील विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे तेच असल्याने महाविद्यालयांना विवाहित विद्यार्थ्यांच्या निवासापासून सर्व व्यवस्था बदलावी लागली. आपल्याकडे तशा स्वरूपाचा कायदा नाही.

दुसरा गैरसमज शिष्यवृत्तीचा. २००६-०७ पासून चालू असलेली पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी व विधवांसाठी आहे, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. राज्याची शिक्षणशुल्काची सवलतही पाल्यांकडेच वळलेली. त्यामुळे स्वतःच्या शिक्षणाची चौकशी करण्यास जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलेला हवालदार मुलीच्या अर्जाचे कागद घेऊन बाहेर पडला, तर त्यात नवल नाही.

वय उलटून गेले, ही तिसरी सबब. कला शाखेच्या पदवीस विद्यापीठ अनुदान आयोगाने कमाल वयाची अट घातलेली नाही. खरी अडचण बारावीची आणि रोजच्या हजेरीची. पहिलीवर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. दुसरीवर १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, अथवा १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. मुक्त विद्यापीठाची पदवी हलकी असते, असे गावात अजूनही बोलले जाते. परंतु आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. प्रवेश घेताना त्या वर्षी त्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे.

चौथा समज चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांविषयीचा आहे : ती वर्षे संपली की सेवामुक्तीच्या कागदांबरोबर पदवीही हाती पडते, असा. २०२२ साली जाहीर झालेल्या योजनेत सेवेतील प्रशिक्षणाला पदवीचे निम्मे श्रेयांक मिळतात. उरलेले निम्मे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे विषय अभ्यासून व परीक्षा देऊनच मिळवायचे असतात. तरीही छावणीतले शिक्षण विद्यापीठाच्या हिशेबात धरण्याचे हे तत्त्व मला मोलाचे वाटते, आणि ते अग्निवीरांपुरतेच का असावे, हा प्रश्न परतूर-जालन्याच्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यापीठाला विचारण्याजोगा आहे. कारण आजमितीस सतरा वर्षे बिनतारी संदेशयंत्रे दुरुस्त केलेल्या नायकाला प्रवेशखिडकीवर प्रथम विचारतात ती बारावीची गुणपत्रिकाच.