चाल येते मागच्या पायांतून

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले लाखांचे आकडे पेपरात झळकू लागतात. रंग, उंची, भोवरे सगळे पाहिले जाते, पण भाव चढतो तो रेवाल चालीवर. दुडक्या चालीत तिरप्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम पडतात, त्यामुळे स्वार उसळतो. रेवालीत टापा एकामागून एक पडतात आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. काही जातींत ही देणगी रक्तातच असते. उप्सालाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांच्या बगलचालीमागचा (एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्यामागचा) जनुकीय बदलही शोधून काढला.

अंगात नसलेली चाल चार महिन्यांत बसवून विकायची घाई मात्र घोड्याच्या जिवावर उठते. पाय दोरीने जखडायचे, काटेरी लगामाने तोंड वर ओढायचे. डोके असे ओढले की पाठ खाली दबते आणि मागचे पाय फरफटत येतात. वरून रुबाब दिसतो, आतून घोडा मोडत जातो. काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी तो सर्रास विकला जातो. हे थांबलेच पाहिजे.

सांगली जिल्ह्यात कडेगावच्या टापूत याहून चांगली शाळा फुकट मिळते. शिवाजी महाराजांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे तळबीड आणि त्यांच्याआधीचे सरसेनापती प्रतापराव गुजरांचे भोसरे, दोन्ही इथून फार लांब नाहीत. त्यांच्या घोडदळातल्या भीमथडी घोड्याला अलीकडेच देशातली आठवी जात म्हणून मान्यता मिळाली. आज ती टिकून आहे ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यावर. पावसाळा सरला की माण-आटपाडीकडची घोडी पाठीवर संसार घेऊन मेंढरांमागे मैलोन्‌मैल चालतात. त्यांच्या मागच्या पायांतली ताकद कुठल्याही चाबुकस्वाराने बघावी.

सागरेश्वरच्या बाजूच्या माळावर हलका चढ सैल लगामाने कदमचालीत चढवला की घोडा आपणहून मागचे पाय पोटाखाली घेतो. चालता चालता थांबवायचे, पुन्हा चालवायचे. हा कंटाळवाणा धडाच सगळ्यात मोलाचा. लांब दोरीवर गोल फिरवताना डावी-उजवी बाजू सारखी घ्यायची, कारण प्रत्येक घोड्याची एक बाजू आखडलेली असते. दुडकी सुधारायला जमिनीवर चार-साडेचार फुटांवर बांबू मांडावेत. बुटक्या भीमथडीला अंतर कमी. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, नाहीतर वाढलेला खूर सगळी मेहनत वाया घालवतो. चार वर्षांच्या आतल्या शिंगरावर जड स्वारी नकोच.

प्रगती फुफाट्यात वाचता येते. मोकळ्या कदमचालीत मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडू लागला, म्हणजे चाल सुटली.

बाजारात घोडा घेणाऱ्यांनो, पैसे मोजण्याआधी त्याच्या ओठांचे कोपरे उघडून पाहा. तिथे जखम असेल तर ती चाल विकत घेऊ नका.