ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे लेबल वाचा

मुलगा किंवा मुलगी ॲनिमेशन, आर्किटेक्चर किंवा इंजिनिअरिंगला गेली की घरातला संगणक अपुरा पडू लागतो. त्रिमितीय आराखडा उघडला की पडदा अडखळतो आणि ‘ग्राफिक्स कार्ड टाकू या’ अशी चर्चा सुरू होते. असेंबल केलेल्या संगणकात हे काम तुलनेने सोपे असते. पण घरात कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, त्यातही कार्यालयातून निघालेला जुना, तर घाई महागात पडू शकते.

प्रोसेसरमध्ये मोजके पण ताकदवान गणनकेंद्र असतात. ग्राफिक्स कार्डमध्ये हजारो छोटे. पडद्यावरच्या लाखो बिंदूंचे गणित ते एकाच वेळी सोडवतात. त्यामुळे चित्र झरझर हलते, मात्र वीज आणि उष्णताही तेवढीच वाढते. तयार डेस्कटॉपची अडचण नेमकी इथेच आहे. त्याचा एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा डबा, मूळ भागांपुरताच दिलेला असतो. अनेकदा १८० ते ३०० वॉटचा.

मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याहून अधिक लागले तर एसएमपीएसमधून वेगळी वायर घ्यावी लागते. सहा पिनांची वायर ७५, तर आठ पिनांची १५० वॉटसाठी असते. तयार संगणकात ही वायर बहुधा नसतेच. काही कंपन्यांची जोडणीही वेगळी असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही.

नावावरूनही फसगत होते. ‘आरटीएक्स ३०५०’ या एकाच नावाच्या कार्डाचा ८ जीबीचा प्रकार सुमारे १३० वॉट घेतो, तर ६ जीबीचा सुमारे ७०. छोट्या एसएमपीएसच्या संगणकाला दुसरा प्रकारच झेपण्यासारखा. एसएमपीएस कमी पडला तर ऐन कामात संगणक बंद पडतो. हलक्या प्रतीचा असेल तर जळूही शकतो.

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक हिशेब करावा लागतो, तो उन्हाळ्याचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत ६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. घाटाखाली मलकापूर, शेगाव, खामगावकडे मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. कार्ड थंड होते ते खोलीतल्या हवेने. खोली जेवढी तापते, जवळजवळ तेवढेच कार्डही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत, पंख्याचा वेग तोच राहिला तर, ८५ च्या घरात जाते. मग ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पैसे मोजले वेगासाठी आणि दुपारी तोच मिळत नाही, असे होते. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीत अडकली की त्यात भर पडते. म्हणून कूलरचा झोत थेट संगणकावर सोडणेही बरे नव्हे; पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार सर्किटला घातक ठरतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: एसएमपीएसचे वॉट, मोकळ्या वायरच्या पिना, कॅबिनेटमधली मोकळी लांबी आणि उंची. बारीक कॅबिनेटला कमी उंचीचेच कार्ड लागते. यूपीएसही तपासावा, ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॉटच असते. संगणक वॉरंटीत असेल तर तो उघडल्याने ती जाते का, हे आधी विचारावे.

कार्ड बसवताना प्लग काढून कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. शेवटी मॉनिटरची केबल जुन्या जागी न ठेवता नव्या कार्डाला जोडावी. ती तशीच राहिली, तर नवे कार्ड बसवूनही चित्र जुन्याच वाटेने येत राहते.