मोती, मोहरा आणि खुर्दा

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू अशा गावांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत एक अडचण सारखी दिसते. नातवंडं मराठी बोलतात, पण मराठी व्याकरण शाळेत शिकलेली नसतात. इंग्रजीच्या तासाला सिमिली, मेटाफर, मेटॉनिमी आले की व्याख्या घोकतात आणि पेपरात उलटसुलट लिहून येतात. व्याख्या जरा बाजूला ठेवा, त्यांना पानिपत सांगा.

आधी सोपं. ‘जवान वाघासारखा लढला’ ही सिमिली, म्हणजे आपली उपमा. ‘सारखा’ या शब्दाने तुलना उघड केली. ‘जवान वाघच होता’ हा मेटाफर, आपलं रूपक. इथवर मुलांना जमतं. गाडं अडतं ते ‘आमचा वाघ परत आला नाही’ या वाक्यापाशी, कारण यात जवान हा शब्दच नाही. इंग्रजीत हाही मेटाफरच.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठी फौज बुडाली. ही बातमी नानासाहेब पेशव्यांकडे एका सावकारी चिठ्ठीतून पोचली असं सांगतात. चिठ्ठीत लढाईचं नाव नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर मोजदादच नाही, एवढाच मजकूर. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाई.

आता मुलांना तीन गोष्टी विचारा. कोणाबद्दल बोलणं चाललंय? त्याला काय म्हटलंय? आणि दोहोंत सारखं काय? तिसऱ्या प्रश्नाला थांबा, घाई करू नका. मोती एकदा गेला की तसाच दुसरा मिळत नाही, मोहरा निदान मोजता येतात, आणि सुटे पैसे कोणी मोजत बसत नाही. म्हणजे या मेटाफरने बातमी लपवली, आणि जाता जाता माणसांची किंमतही लावली. हयात शिपायांबरोबर काढल्यामुळे असेल, पण तो ‘खुर्दा’ मला अजून खुपतो. मुलांनाही खुपला तर मेटाफर समजला म्हणायचं.

त्याच लढाईबद्दल आपण म्हणतो, पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली. इथे मात्र बांगडी आणि बाई यांच्यात साम्य काही नाही, संबंध आहे. बांगडी फुटली म्हणजे नवरा गेला. ही मेटॉनिमी, आपल्याकडची लक्षणा. साम्य असेल तर मेटाफर, नुसता संबंध असेल तर मेटॉनिमी, एवढं धरून चाला.

आणखी एक शब्द, रिफ्रेन, म्हणजे पालुपद. टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही १८५४ ची कविता बालाक्लावाच्या लढाईवर आहे. संदिग्ध हुकमामुळे घोडदळ सरळ तोफांवर गेलं. कवितेत सहा कडवी आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी सहाशे हा आकडा येतो. स्वार प्रत्यक्षात थोडे जास्त होते, पण प्रत्येक कडवं संपताना साध्या स्वारांची गिनती पुन्हा होते. चिठ्ठीतला खुर्दा आणि हे सहाशे मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि त्यांना बोलू द्या.

आयरनीबद्दल पुष्कळांनी विचारलंय. ती व्याजोक्ती नव्हे. व्याजस्तुती थोडी जवळची. ते पुढच्या भागात.