टॉय स्टोरीच्या अँडीने खेळणी देऊन टाकली, वर्ध्यातला लाकडी बैल मात्र दरवर्षी परत येतो

जून २०१० मध्ये पिक्सारचा ‘टॉय स्टोरी ३’ आला. पहिल्या भागातला छोटा अँडी आता १७ वर्षांचा झालाय आणि कॉलेजला निघालाय. खोली रिकामी करायचीय. मग वुडी, बझ आणि बाकीच्या खेळण्यांचं काय करायचं?

गंमत म्हणजे अँडीला तिन्ही भागांत जॉन मॉरिसनेच आवाज दिलाय. १९९५ मध्ये पहिला भाग आला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. अँडीसोबत तोही मोठा झाला.

सिनेमात खेळण्यांपुढे तीन वाटा आहेत : माळा, कचरा किंवा दुसरं लहान मूल. अँडी त्यांना माळ्यावर ठेवायचं ठरवतो. आईच्या हातून ती पिशवी चुकून कचऱ्यात जाते. बऱ्याच भानगडी होतात आणि शेवटी खेळणी छोट्या बॉनीकडे पोहोचतात. वुडीला अँडी सोबत नेणार असतो, पण शेवटी त्यालाही देऊन टाकतो. थिएटरमधली मोठी माणसं इथेच रडली.

वर्धा जिल्ह्यातल्या घरांत या प्रश्नाचं वेगळं उत्तर सापडतं. ते म्हणजे तान्हा पोळा.

श्रावण अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा असतो. दुसऱ्या दिवशी पोरांचा मान. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीने ओढत न्यायचा आणि घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, गोळा करायचे. खरा बैल पोरांच्या हाती देता येत नाही, म्हणून हा लाकडाचा. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली, असं सांगितलं जातं. पोरांना बैलाचं महत्त्व कळावं, हा त्यामागचा हेतू.

सण झाला की बैल पुन्हा माळ्यावर किंवा कपाटावर जातो. पण अँडीच्या माळ्यात आणि या माळ्यात फरक आहे. इथे वर्षभराने बैल खाली काढायचा, हे ठरलेलंच असतं. दादा मोठा झाला तर दोरी धाकट्याच्या हातात येते, पुढे त्याच्या पोरांच्या.

सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेत तर गोष्ट आणखी पुढे गेलीय. तिथल्या तान्ह्या पोळ्यात माणसापेक्षा उंच लाकडी नंदी निघतात. ते ओढायला मोठी माणसंच लागतात. म्हणजे इथे मोठं झाल्यावरही खेळणं सुटत नाही, उलट तेच मोठं होतं.

आज ट्रॅक्टरमुळे अनेक शेतकऱ्यांच्या गोठ्यात बैलजोडी राहिलेली नाही. अशा घरातल्या पोराच्या हातात पहिला बैल येतो तो लाकडाचाच. बैल कशासाठी असतो, हे त्याला आजोबांना विचारावं लागतं. तेवढ्यासाठी तरी माळ्यावरचा तो बैल दरवर्षी खाली यायला हवा.