कंठसाधना आणि कंठोपचार

गायक, गायनशिक्षक आणि बिघडलेला आवाज सुधारणारा उपचारक हे तीन निरनिराळे व्यवसाय मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तिघांचाही अभ्यासविषय मानवी कंठ हाच होय. ही तीन अंगे वेगळी राहिल्याने विद्यार्थ्याचे कोणते नुकसान होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात कफ, पित्त व वात यांच्या प्राधान्यानुसार खाहुल, नाराट व बोंबक आणि त्यांच्या संयोगाने मिश्रक, असे आवाजाचे चार प्रकार सांगितले आहेत. अभ्यासावाचून राग व्यक्त करण्याची, शरीराबरोबरच उपजणारी जी शक्ती, तिला ‘शारीर’ ही संज्ञा आहे. या भूमिकेतून उत्तम आवाज हे बहुतांशी भाग्याचे देणे ठरते. ते गमावल्यास परत कसे मिळवावे, हा प्रश्न मात्र उरतो.

या प्रश्नास शरीरशास्त्रीय आधार मिळाला तो एका गायनशिक्षकाकडूनच. तरुणपणीच आवाज बिघडल्याने रंगभूमी सोडून अध्यापनाकडे वळलेल्या मान्युएल गार्सियाने १८५४ साली आरशांच्या साहाय्याने स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. काळी एकच्या पट्टीत मध्य षड्ज लावणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास सुमारे १३९ वेळा, तर काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचे सुमारे २३३ वेळा एकत्र येतात. हा आघात रोज अवाजवी जोराने होऊ लागला, तर स्वरतंतूंवर सूज येते व पुढे गाठी धरतात. गुरूची पट्टी शिष्यास न मानवणे, वयात येणाऱ्या मुलाचा आवाज सुमारे सप्तकभर उतरत असताना त्यास जुन्याच पट्टीत गावयास लावणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा गाठींवर पहिला उपाय बहुधा शस्त्रक्रिया हा नसून विश्रांती व उच्चारणाच्या सवयीत बदल हा असतो. म्हणजे उपचार हेही एक प्रकारचे अध्यापनच होय.

महाराष्ट्रात ही दृष्टी रुजविण्याचे श्रेय प्रा. बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांच्याकडे जाते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य असलेल्या देवधरांनी १९२५ साली मुंबईत संगीतविद्यालय काढले, पाश्चात्त्य संगीताचाही परिचय करून घेतला आणि आवाजसाधना हा स्वतंत्र अभ्यासविषय मानला.

त्यांचेच शिष्य कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे उदाहरण पुनःप्रस्थापनेच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. क्षयाने ग्रासल्यामुळे १९४८ साली ते देवासला गेले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. स्ट्रेप्टोमायसीनमुळे ते बरे झाले, तथापि एक फुप्फुस निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. येथे हानी स्वरयंत्राची नसून श्वासाची होती, हा भेद लक्षात घ्यावयास हवा. त्यांच्या छोट्या, वेगवान स्वरावलींचा संबंध या आजाराशी जोडला जातो. परंतु तेवढ्याने त्यांच्या गायकीचा उलगडा होत नाही. आजारपणात माळव्याच्या लोकगीतांचे श्रवण व चिंतन चालूच होते. औषधाने आयुष्य वाचविले. उरलेल्या श्वासात काय व कसे गावयाचे, याचा निर्णय संगीतविचाराने केला.

देवधरांकडे शिकलेले डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी ही परंपरा विद्यापीठीय क्षेत्रात आणली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. गायकांबरोबरच नट व वक्ते यांच्या आवाजाचाही त्यांनी विचार केला.

सेलूसारख्या गावी शिकविणाऱ्या गायनशिक्षकापुढे भजनी, कीर्तनकार, शाळामास्तर असे नाना प्रकारचे आवाज येतात. त्याने वैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची पट्टी निराळी ठरविणे, बसलेल्या आवाजावर रियाज न लादणे आणि घोगरेपणा चार आठवड्यांत न निवळल्यास कंठतज्ज्ञाकडून तपासणी करविणे, इतके त्याच्या हाती निश्चित आहे. ‘रियाज कमी पडला’ एवढेच निदान करून पुष्कळदा शिष्यास अधिक गावयास लावले जाते आणि दुखावलेला कंठ कायमचा जातो. संगीताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात रागशास्त्राइतकेच कंठशास्त्रास स्थान असावे, ते याकरिता.