घरच्या विजेचा रोजमेळ

व्यापारी मनुष्य दिवसाचा रोजमेळ जुळविल्याखेरीज दुकान बंद करीत नाही. दहा रुपयांचा फरक पडला तरी तो पुन्हा पहिल्या रकमेपासून बेरीज धरतो. तोच मनुष्य घरी येऊन विजेचे बिल हाती घेतो, तळाचा आकडा पाहतो, कपाळाला आठी घालतो आणि पैसे भरून मोकळा होतो. त्या आकड्याच्या वर काय लिहिले आहे, हे त्याच्या गावीही नसते. प्रस्तुत लेखक काल-परवापर्यंत याच वर्गातला होता. त्या अज्ञानापायी घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीवर नकळत अन्याय घडला. म्हणून हा हिशेब आपल्या सभासद बंधू-भगिनींपुढे मांडावा असे वाटले.

पेठेतील जुने घर सोडून आम्ही २०२१ साली सदनिकेत राहावयास आलो. जुन्या घरी अंघोळीसाठी तांब्याचा बंब होता आणि स्वयंपाकाला गॅसची टाकी होती. नव्या घरात सर्वच कामे विजेवर आली. शेगडी विजेची, अंघोळीचे पाणी विजेवर, धुलाई विजेवर. धूर नाही, काजळी नाही, टाकी ऐनवेळी संपल्याची धावपळ नाही. सुख खरेच झाले. पण एक गोष्ट हरवली. बंबात किती लाकडे घातली हे डोळ्यांना दिसे. टाकी किती दिवस पुरली हे गृहिणीला तोंडपाठ असे. वीज मात्र दिसतही नाही आणि संपतही नाही. जी वस्तू संपताना दिसत नाही, तिचा हिशेब मन ठेवीत नाही.

डिसेंबर २०२४ चे बिल आले, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. कर्नाटक सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेमुळे तोवर आमचे बिल बहुधा शून्य येत असे. या वेळी मात्र सुमारे दोन हजारांचा आकडा दिसला. मीटरवर २०९ युनिटे पडली होती. मी जेवताना सहज बोलून गेलो, “दिवसभर शेगडीवर पाणी उकळत असते, मग दुसरे काय होणार?” आमच्या मातोश्री उकळलेलेच पाणी पितात, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम आहे. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी सूनबाईंनी हळूच सांगितले की, ऐन थंडीत आई गार पाण्याने अंघोळ करीत आहेत. विचारले तेव्हा म्हणाल्या, “एवढ्याने काही होत नाही रे. तेवढीच वीज वाचेल.” ते ऐकून मान खाली गेली. त्याच रात्री कोरी वही काढली.

युनिट म्हणजे काय?

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळला तरी एकच युनिट. दोन हजार वॅटचा गिझर मात्र अर्ध्या तासातच ते युनिट खाऊन टाकतो. म्हणून पहिला धडा असा की, घरातील वीज उजेडाला फारशी लागत नाही, उष्णतेला लागते. दिवा मालवण्यावरून मुलांना रागे भरणारे आपण गिझरच्या लाल दिव्याकडे पाहत नाही.

पाण्याचा हिशेब निसर्गानेच ठरवून दिला आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. २४ अंशांचे वीस लिटर पाणी ४० अंशांवर न्यावयाचे, तर ३२० किलोकॅलरी लागतात. वाया जाणारी उष्णता धरून एका बादलीस सुमारे ०.४ युनिट होते. पाच लिटर पिण्याचे पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यावयाचे, तर ३७५ किलोकॅलरी, म्हणजे शेगडीवर जेमतेम अर्धे युनिट.

आमची खतावणी

रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहून आणि एकेक उपकरण वेगळे चालवून पाहून पंधरा दिवसांत पाच माणसांच्या घराची खतावणी तयार झाली. तीस दिवसांच्या महिन्यास ती अशी: अंघोळीचे पाणी ६० युनिटे, स्वयंपाक ४५, शीतकपाट ३०, दिवे, पंखे व दूरदर्शन १८, धुलाई, इस्त्री व मिक्सर ११, पिण्याचे पाणी उकळणे १५. ही बेरीज १७९ होते. बिलात तर २०९ होती. मग उरलेली ३० युनिटे गेली कुठे?

उत्तर माझ्याच स्नानगृहात सापडले. सकाळी सहा वाजता मी गिझर लावी आणि तो बंद करण्याची आठवण रात्री होई. गिझरमधील पाणी निवत जाते, यंत्र ते पुन्हा तापवते, पुन्हा ते निवते. कोणी एक थेंब वापरला नाही तरी आमच्या जुन्या गिझरने या व्यवहारात दिवसाला एक युनिट गिळले. ज्या मातेच्या पाण्याकडे मी बोट दाखविले, तिच्या नेमाचा खर्च पंधरा युनिटांचा होता आणि माझ्या विसराळूपणाचा तीस युनिटांचा!

पंधरा लिटरच्या, दोन हजार वॅटच्या गिझरला पाणी २५ पासून ६० अंशांपर्यंत नेण्यास अठरा-वीस मिनिटे पुरतात. अंघोळीआधी तेवढा वेळ लावून बंद करावा, यापलीकडे त्यात काही विद्या नाही.

बिल वाचावे कसे?

आपल्या भागाला वीज पुरविणारी हेस्कॉम ही कंपनी २००२ पासून काम करीत असून तिचे मुख्यालय आपल्याच नवनगरात आहे. दर मात्र कंपनी ठरवीत नाही. ते राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. बिलात मुख्य रकमा तीन. ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार, ‘विद्युत् शुल्क’ म्हणजे वापरलेल्या युनिटांचा आकार, आणि त्यावरील कर.

स्थिर आकार हा दुकानाच्या भाड्यासारखा आहे. गिऱ्हाईक येवो वा न येवो, भाडे चुकत नाही. तो मंजूर भारावर, म्हणजे आपण किती किलोवॅट मागून घेतले त्यावर ठरतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकास दर किलोवॅटला १२० रुपये स्थिर आकार आणि दर युनिटला ५ रुपये ९० पैसे असा दर होता. त्याआधी २०२३ च्या दरपत्रकात शंभर युनिटांच्या आत ४ रुपये ७५ पैसे आणि शंभर ओलांडताच सर्व युनिटांना ७ रुपये अशी रीत होती.

आता आमचेच बिल पाहा. मंजूर भार ५ किलोवॅट, म्हणून स्थिर आकार ६०० रुपये. २०९ युनिटांचे १,२३३ रुपये १० पैसे. त्यावर ९ टक्के कर ११० रुपये ९८ पैसे. एकूण १,९४४ रुपये ८ पैसे, इतर किरकोळ आकार वेगळे.

आणि शून्याचे एवढे झाले कसे? गृहज्योती योजनेत २०२२-२३ सालच्या आपल्या मासिक सरासरीवर १० टक्के वाढवून जी संख्या येते, तेवढी युनिटे विनामूल्य असतात. मात्र २०० ची मर्यादा आहे. आमची सरासरी १७० होती, म्हणून हक्क १८७ युनिटांचा. त्याहून जास्त पण दोनशेच्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांपुरतेच पैसे पडतात. दोनशे ओलांडले की मात्र पहिल्या युनिटापासून सर्व बिल भरावे लागते. घाटातला रस्ता आणि कडा यांत जे अंतर, तेच १९९ आणि २०१ मध्ये. आम्ही नऊ युनिटांनी कड्यावरून खाली आलो होतो आणि तीस युनिटे विनाकारण जळत होती.

सभासदांसाठी चार सूचना

पहिली: महिन्यातून चार वेळा तरी मीटरचा आकडा वहीत लिहावा. मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींचे एक युनिट होते ती संख्या, उदाहरणार्थ ३२००, तेथेच छापलेली असते. घरातील सर्व बटणे बंद करूनही तो लुकलुकत राहिला, तर काहीतरी चालू राहिले आहे असे समजावे.

दुसरी: गिझर, शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी लावू नयेत. २ अधिक २ अधिक १, असे ५ किलोवॅट तेथेच होतात. कामे पाळीपाळीने केली तर कमी मंजूर भारावरही घर चालते आणि स्थिर आकार हलका होतो. भार कमी करण्याचा अर्ज देण्यापूर्वी बिलात नोंदलेली कमाल मागणी अवश्य पाहावी.

तिसरी: जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीचा ३० च्या आसपास. दिवसाला दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्यास साडेतेरा युनिटे वाचतात. उन्हाळ्यात चार पंख्यांच्या घरात हा फरक चोपन्न युनिटांचा आहे.

चौथी खास व्यापाऱ्यांसाठी: घराच्या जोडणीवरून दुकानाला किंवा गोदामाला वीज नेऊ नये. व्यापारी वापराची दरश्रेणी वेगळी आहे आणि २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते. पेढीची अब्रू चार पैशांपायी पणाला लावू नये.

दर बदलत राहतील. १ एप्रिल २०२५ पासून नवे दरपत्रक आलेच. म्हणून वरील आकडे पाठ करण्यापेक्षा आपल्या बिलावरचे आकडे घेऊन हीच बेरीज मांडावी.

पुढील महिन्यात आमचा वापर १७८ युनिटांवर आला आणि बिल पुन्हा शून्य झाले. मातोश्रींना ते दाखविले, तेव्हा त्यांनी आकड्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, “मग आता पाणी ऊन घ्यायला हरकत नाही ना?” वही न पाहता घरच्या माणसावर खर्च टाकू नये, हा धडा त्या एका प्रश्नाने मला जन्माचा दिला.