भंडारदऱ्याला जाताय? टॉर्च बंद!

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'काजवे बघायला कोण कोण?' जा की! संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला उतरलात की समोर आर्थर लेक. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीला जा, अमृतेश्वराचं कोरीव देऊळ बघा. पायांत दम असेल तर १६४६ मीटर उंच कळसूबाई आहेच.

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकरांचा. इंग्रजांशी लढून १८४८ मध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. 'बीजमाता' राहीबाई पोपेरेही याच तालुक्यातल्या. म्हणून म्हणते, रिसॉर्टपेक्षा गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगा. पैसे गावात राहतात.

आता मुद्द्याचं. काजव्यांचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना खुणावणं. मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, एवढेच दिवस त्यांच्या हातात. त्यात आपण हेडलाइट, फ्लॅश घेऊन झुंडीने घुसतो; जमिनीलगत बसलेल्या माद्या बुटांखाली जातात. मोबाइलमध्ये तसंही काही धड येत नाही. गाडी गावातच लावा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. मग हिरड्याचं अख्खं झाड एका तालात लुकलुकायला लागतं.